चामडे कमावले कोणी, कमाई कोणाची?

जून २०२५ मध्ये मिलान शहरातल्या एका फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलेसारखी दिसणारी चप्पल रॅम्पवर आणली आणि महाराष्ट्रात एकदम अस्मितेचा पूर आला. कोल्हापूरचे नाव घेतले नाही म्हणून संताप झाला. कंपनीने नंतर ते डिझाइन भारतीय कारागिरांच्या परंपरेतून आल्याचे मान्य केले. या गदारोळात एक वाक्य मात्र सगळीकडे फिरत राहिले: कोल्हापुरी चामडे झाडपाल्याने कमावलेले असते, त्यात केमिकल नसते, ते आरोग्याला चांगले, पर्यावरणाला चांगले, आणि हे सारे आपल्या पूर्वजांचे शहाणपण.

मित्रहो, आमचा आक्षेप त्या 'आपल्या' शब्दावर आहे. कातडी चुन्याच्या हौदात उतरून ज्यांनी खरवडली त्यांना गावाने 'आपले' कधी म्हटले? ज्या कामामुळे माणूस बाटतो असे हजार वर्षे सांगितले, त्याच कामाची पद्धत आता वारसा ठरते. काम करणारा मात्र त्या वारशाच्या फोटोत कुठेच दिसत नाही. म्हणून चामडे कमावण्याच्या पद्धतींकडे, त्यांच्या फायद्या-तोट्यांकडे आणि त्यांच्या सुरक्षिततेकडे आपण आपल्या बाजूने पाहिले पाहिजे. सुरक्षित म्हणजे कोणासाठी सुरक्षित? घालणाऱ्यासाठी, की कमावणाऱ्यासाठी?

आधी प्रक्रिया समजून घेऊ, कारण आपल्याच घरांतल्या अनेक तरुणांना ती ठाऊक नाही. जनावराची कातडी उतरवली की काही तासांत सडायला लागते. म्हणून तिला मीठ लावतात. मग पाण्यात भिजवून मऊ करतात आणि चुन्याच्या हौदात काही दिवस ठेवतात. चुन्याने केस सुटतात, कातडी फुगते. मग केस आणि आतल्या बाजूचे मांस हाताने, बोथट-धारदार सुऱ्यांनी खरवडून काढतात. इथपर्यंत जे असते ते कातडेच. कातड्याचे चामडे होते ते पुढे, जेव्हा त्यातल्या तंतूंना एखादा पदार्थ असा घट्ट धरतो की पाण्याने, उन्हाने, जंतूंनी ते सहजी सडत नाहीत. महाराष्ट्रात हा पदार्थ म्हणजे बाभळीची साल, हिरडा आणि तरवडाची साल. यांत टॅनिन असते. चहा उकळून कडक झाला की जीभ आवळते, तेच हे टॅनिन.

आपल्याकडची खास पद्धत पिशवीची. कातडे शिवून त्याचीच मोठी पिशवी करायची, ती तिकाटण्यावर टांगायची, आत कुटलेली साल, हिरडा आणि पाणी भरायचे. खाली ठिबकणारे लालसर पाणी गोळा करून पुन्हा वर ओतायचे. काही दिवसांनी पिशवी उलटी करून दुसऱ्या टोकाने भरायची. सगळी प्रक्रिया धरून कित्येक आठवडे जायचे. हे काम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात ज्या समाजाकडे होते त्याला सरकारी यादीत ढोर म्हणतात. समाज स्वतःला कक्कय्या म्हणवतो, बाराव्या शतकातील शरण कक्कय्यांच्या नावाने. धारावीत आजही संत कक्कय्या मार्ग आहे.

कक्कय्यांबरोबर हरळय्यांचेही नाव घ्यायला हवे. हरळय्या चर्मकार. कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवण्णांच्या चळवळीत ते आले. त्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचे लग्न झाले. राजा बिज्जळाने त्याबद्दल दोन्ही बापांना क्रूर मृत्युदंड दिला आणि कल्याणमध्ये उठाव झाला, अशी परंपरा सांगते. ज्या भागाच्या चपलेचे आज कौतुक चालले आहे, त्याच भागात चपला शिवणाऱ्याच्या घरात आंतरजातीय लग्न झाले म्हणून रक्त सांडले होते. फॅशनवाल्यांच्या माहितीपत्रकात हे येणार नाही. आपल्या लिखाणात तरी यावे.

आता गावगाड्यातली विभागणी पाहा. मेलेले जनावर ओढायचे महाराने. कातडे कमवायचे ढोराने. शिवायचे चांभाराने. वादी वळायची, वाद्य मढवायचे, ते मांगाने. (जागोजागी यात फरक होते, पण साचा हा.) एकाच कातड्यावर चार जातींचे हात, आणि या चारांतही एकमेकांशी रोटी-बेटी नाही. शिवणारा कमावणाऱ्याला खालचा समजतो, कमावणारा ओढणाऱ्याला. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी म्हटले, आणि श्रेणीबद्ध विषमतेची कल्पना मांडली. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही ती शिकलो तेव्हा ती अमूर्त वाटायची. एका कातड्याचा प्रवास मांडला की ती फळ्यावर न लिहिताही कळते.

आणि मोट? विहिरीतून पाणी काढायची चामड्याची मोट याच हातांनी कमावलेली, शिवलेली. ती विहिरीत बुडायची, तिचे पाणी सवर्णांच्या मळ्यात, उसात, भाजीत जायचे. विहीर बाटायची नाही. कमावणाऱ्याचा हात लागला तर मात्र बाटायची. चामडे अपवित्र असते म्हणून आम्हाला दूर ठेवले, असे सांगणाऱ्यांना एवढा एक प्रश्न पुरे आहे.

काही जण म्हणतील, चामड्याच्या कामाला घाण वास येतो, म्हणून जगभर ते गावाबाहेरच होते. बरोबर आहे. लंडनमध्येही चर्मालये जुन्या शहराच्या हद्दीबाहेर, नदीपलीकडे बर्मंडसीला होती. पण तिथे वास कामाला होता, तो जन्माला चिकटला नव्हता. काम सोडले की माणूस मोकळा व्हायचा. जन्माला चिकटवण्याचे दुसरे ठळक उदाहरण जपानचे, तिथल्या बुराकु समाजाचे. १८७१ मध्ये कायद्याने त्यांचा हीन दर्जा रद्द झाला, तरी भेदभाव चालूच राहिला आणि १९२२ मध्ये क्योतोत त्यांनी समतेसाठी सुइहेइशा ही संघटना उभी केली. तिथल्या काही बौद्ध मंदिरांनी या लोकांना मेल्यानंतर देण्याच्या धार्मिक नावांतसुद्धा हीनतेची अक्षरे घातली होती. आम्ही बौद्ध आहोत म्हणूनच हे सांगतो. धम्माचे नाव लावले म्हणजे व्यवस्था आपोआप समतेची होत नाही.

आता दुसरी पद्धत, क्रोमची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्नाप यांनी क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावता येते हे दाखवले. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी दोन टप्प्यांच्या पद्धतीचे पेटंट घेतले, तर १८९३ मध्ये मार्टिन डेनिस यांनी एका टप्प्याची सोपी पद्धत आणली. भारतात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज अधिकाऱ्याने क्रोम चामड्याचे प्रयोग सुरू केले, आणि विशेष म्हणजे त्यांचा एक हेतू मोटेसाठी टिकाऊ चामडे बनवण्याचा होता. आठवड्यांचे काम एक-दोन दिवसांवर आले. आज जगातले बहुसंख्य चामडे क्रोमने कमावलेले असते.

ही पद्धत का जिंकली हे मान्य केले पाहिजे. कच्चे कातडे साठ-पासष्ट अंश तापमानाच्या पाण्यात आक्रसते. सालीने कमावलेले साधारण पंचाहत्तर ते पंच्याऐंशी अंशांपर्यंत टिकते. क्रोमचे उकळत्या पाण्यातही टिकते. ते मऊ, हलके असते, पाण्याला दाद देत नाही, हवा तो रंग घेते. रहाटणी, काळेवाडी, थेरगावच्या भाड्याच्या खोल्यांतून पहाटे चाकण-भोसरीच्या बसला जाणारी आपली पोरे पायात जे सेफ्टी शूज घालतात त्यांचे चामडे बहुधा क्रोमचे असते, आणि गरम लोखंडी बुरादा पायावर पडला तर तेच वाचवते. तिथे सालीच्या चामड्याची भक्ती करून चालणार नाही. उलट चपलेचा जाड तळ, पट्टा, घाम शोषणारे आतले अस्तर, इथे सालीचे चामडे सरस. ते पायाचा आकार घेते, वापराने सुधारते. पण पावसात भिजले की डाग पडतात, बुरशी धरते. कोल्हापुरी पावसाळ्यात घालू नये हे आजीसुद्धा सांगायची.

धोक्याचे काय? इथे समाजमाध्यमांवर निम्मी माहिती फिरते. क्रोमचे दोन अवतार असतात. कमावण्यासाठी वापरतात ते त्रिसंयुजी, तुलनेने सौम्य. दुसरे षट्संयुजी, ते कॅन्सरकारक. शुल्ट्झच्या पद्धतीत कामगारांचा हात थेट या दुसऱ्या क्रोममध्ये जायचा आणि हातांना खोल व्रण पडायचे. पुढे कारखान्यात तयार क्रोम पावडर मिळू लागली, तसा चर्मालयातला हा धोका कमी झाला. पण तो नाहीसा झाला नाही, सरकला. ही पावडर ज्या कारखान्यांत बनते तिथे षट्संयुजी क्रोम हाताळावेच लागते. तमिळनाडूतल्या राणीपेठला असा एक कारखाना १९९०च्या दशकात बंद झाला. मागे लाखाहून अधिक टन क्रोमयुक्त कचरा उघड्यावर राहिला आणि भूजल पिवळे झाले. आपल्या औद्योगिक पट्ट्यातही हे विष अनोळखी नाही. चामड्यात नव्हे, पण क्रोम प्लेटिंगच्या शॉपमध्ये. त्या वाफेवर वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्याच्या नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडते. प्लेटिंगमध्ये काम करणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला नाकातून रक्त येते का, एवढे विचारा.

तयार चामड्यातही उष्णता आणि चुकीच्या तेलांमुळे थोडे त्रिसंयुजी क्रोम षट्संयुजी होऊ शकते. युरोपने याची दखल घेतली. १ मे २०१५ पासून तिथे अंगाला लागणाऱ्या चामडी वस्तूत षट्संयुजी क्रोम किलोला ३ मिलिग्रॅमच्या पलीकडे चालत नाही. त्याआधी १९९०च्या दशकात जर्मनीने काही ॲझो रंगांवर बंदी आणली, आणि १९९७ मध्ये भारतानेही आणली. नियम चांगलेच आहेत. पण नीट पाहा, हे सगळे घालणाऱ्याच्या कातडीसाठी आहेत. ज्या वेगाने युरोपीय पायाची काळजी आपल्या कायद्यात उतरली, त्या वेगाने चर्मालयातल्या हातांची उतरली नाही.

कारण चर्मालयात माणूस बहुधा क्रोमने मरत नाही, हे आम्हाला ठासून सांगायचे आहे. तो मरतो आधीच्या आणि नंतरच्या टप्प्यांत. केस काढायला चुन्याबरोबर सोडियम सल्फाइड वापरतात. हे पाणी पुढच्या टप्प्यातल्या आम्लाच्या पाण्यात मिसळले की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. आधी सडक्या अंड्याचा वास येतो, पण वायू वाढला की नाक बधिर होते आणि वास येणेच बंद होते. टाकीत उतरलेल्याला वाटते धोका टळला. मॅनहोलमध्ये आपल्या माणसांना मारणारा हाच वायू. आणि जे गाळ साठवतात ते हौद? ३१ जानेवारी २०१५च्या पहाटे राणीपेठच्या औद्योगिक वसाहतीत सांडपाण्याच्या गाळाच्या टाकीची भिंत फुटली आणि शेजारच्या चर्मालयात झोपलेले कामगार गाळाखाली गेले. दहा जण मेले. त्यांतले बहुतेक पश्चिम बंगालमधून पोटासाठी आलेले होते.

म्हणूनच 'सालीचे चामडे म्हणजे केमिकल-फ्री' हे वाक्य आम्हाला पटत नाही. चुना तोच, मीठ तेच, खरवडलेले मांस आणि केस तेच. सल्फाइडसुद्धा बहुतेक ठिकाणी आलेले आहे. सालीचे काळेलाल पाणी नदीत सोडले तर तेही प्राणवायू शोषून मासे मारते. क्रोमचा विषारी गाळ त्यात नसतो, हा मोठा फरक आहे आणि तो आम्ही नाकारत नाही. पण मेलेल्या जनावराच्या कातड्यातून होणारा अँथ्रॅक्स, चुन्याने सोललेले हात, ओल्या जमिनीवर दिवसभर वाकून काम, हे साल वापरली म्हणून टळत नाही. ढोरवाड्यातल्या माणसाने शेकडो वर्षे 'नैसर्गिक' पद्धतीनेच काम केले. त्याच्या हातांना विचारा ते किती नैसर्गिक होते.

या सौंदर्यीकरणाची मुळे जुनी आहेत. १९३०च्या दशकात गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय सुरू झाले. गोपाळराव वाळुंजकर ते चालवत. स्वतः ब्राह्मण असून त्यांनी कातड्याला हात लावला, ही लहान गोष्ट नव्हती. मेलेल्या जनावराचा कण न् कण वापरावा, खेड्यातच चामडे कमवावे, पद्धत सुधारावी, असा तो विचार. तांत्रिकदृष्ट्या त्यात बरेच शहाणपण होते. पण त्या विचारात काम सुधारायचे होते, कामावरचा जन्माचा शिक्का पुसायचा कार्यक्रम तितका स्पष्ट नव्हता. हरिजनाने उत्तम चर्मकार व्हावे, हे ठीक. हरिजनाने चामडे सोडून वकील व्हावे, हे?

बाबासाहेबांची भूमिका इथे वेगळी होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृत मांस खाणे सोडा, मेलेली जनावरे ओढणे सोडा, हा आदेश आला. पुढच्या वर्षी त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल मांडले. तेव्हा 'हिशेब' मांडणारे पुढे आले: कातडे, शिंगे, हाडे, मांस यांतून या गरिबांना इतके उत्पन्न मिळते, ते हा माणूस बुडवतो आहे. १५ ऑक्टोबर १९५६ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी या प्रचाराचा समाचार घेतला. त्यांच्या उत्तराचा गाभा साधा होता: एवढा फायदा आहे तर तुम्हीच का घेत नाही? फायद्याच्या प्रत्येक चर्चेत आम्हाला हा प्रश्न आठवतो. ज्या धंद्यात फायदा आहे असे शेजारी सांगतात पण स्वतःच्या मुलाला घालत नाहीत, तिथे पैशाबरोबर आणखी काहीतरी वाटले जात असते.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. काम सोडण्याचा हा निर्णय मुख्यतः महार समाजाने पाळला. ओढणारा थांबला तेव्हा कमावणाऱ्याच्या आणि शिवणाऱ्याच्या पोटाचे काय, यावर आपल्या चळवळीत पुरेसे बोलले गेले नाही. ढोर, चर्मकार, मातंग आपल्यापासून दूर राहिले याची चर्चा आपण करतो ती बहुतेक वेळा त्यांना दोष देत. कातड्याचे अर्थशास्त्र त्या चर्चेत येत नाही.

मुंबईत ही कहाणी दुसरीकडे गेली. १८८०च्या दशकापासून धारावीत चर्मालये वाढली. तिरुनेलवेली भागातले तमिळ मुसलमान आले, महाराष्ट्रातले ढोर-चर्मकार आले. भांडवल आणि मालकी कोणाची, हौदात उतरणारा कोण, हे वेगळे सांगायला नको. १९७१ मध्ये कत्तलखाना वांद्र्याहून देवनारला गेला. पुढे प्रदूषणामुळे चर्मालयेही धारावीबाहेर गेली. राहिल्या त्या बॅगा, पट्टे, पाकिटांच्या कार्यशाळा. १९७४ मध्ये राज्याने चर्मोद्योगासाठी महामंडळ काढले, आजचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ. पण कमावण्याच्या टप्प्यात महाराष्ट्र मागेच पडत गेला आणि चामड्यासाठी चेन्नईकडे तोंड करून बसू लागला.

त्यात मार्च २०१५ मध्ये बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. कोल्हापुरीसाठी बैलाचे आणि म्हशीचे चामडे लागते. गाईचे राजकारण करणाऱ्यांनी चपला शिवणाऱ्याला विचारले नाही. पुढच्याच वर्षी, जुलै २०१६ मध्ये, गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघडे करून मारले. काम सोडले तर वतनाचा मार, काम केले तर गोरक्षकाचा. त्यानंतर सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली जनावरे जिल्हाधिकारी कचेरीसमोर नेऊन टाकली. महाडचा आदेश नव्वद वर्षांनी दुसऱ्या राज्यात असा अमलात आला.

कोल्हापुरीला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन आहे. आपल्या बाजूचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. मानांकन चपलेला आहे. त्या चपलेचे चामडे कमावणाऱ्याच्या हाताला कुठले मानांकन? १९४८च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात अँथ्रॅक्स आणि क्रोमचे व्रण या दोन्हींची नोंद होती. असा आजार दिसला तर डॉक्टरने आणि मालकाने कळवायचेच. कायदा चांगला. पण त्या कायद्यात कारखाना म्हणजे वीज असेल तर दहा, नसेल तर वीस कामगार. २०२०च्या संहितेने हा आकडा वीस आणि चाळीस केला. घरामागच्या दोन हौदांवर नवरा-बायको आणि एक पोरगा काम करतात. ते यात बसत नाहीत. त्यांच्या हाताला पडलेला व्रण कायद्याच्या लेखी आजारच नाही.

आम्ही ज्या कार्यकर्त्यांबरोबर काम करतो त्यांना म्हणून तीन-चार साध्या गोष्टी सांगतो. कोल्हापुरीच्या करारांवर, मानांकनावर बोलणाऱ्या नेत्याला विचारा की हातमोजे, गमबूट आणि वायू मोजायचे यंत्र या करारात आहे का. तुमच्या तालुक्यातल्या ढोर वस्तीत जा आणि किती हौद चालू आहेत, त्यांचे पाणी कुठे जाते, किती जणांची छाती तपासली गेली आहे, याची नोंद करा. सल्फाइडच्या हौदात आम्लाचे पाणी मिसळू न देण्यासाठी वेगळी मोरी लागते. ती बांधायला खर्च फार नाही. महामंडळाच्या कर्जात तिचा रकाना असावा, ही मागणी लेखी द्या. चाकणच्या प्लेटिंग शॉपमधल्या पोरांची नावे त्याच वहीत दुसऱ्या पानावर लिहा.